आजोबांच्या ट्रंकेतला नकाशा आणि ‘सरकलेली’ गोदावरी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं: आजोबा कालव्यावर नोकरीला होते. त्यांच्या ट्रंकेत कापडावर चिकटवलेला, घड्या पडलेला, एक इंचाला एक मैल प्रमाणाचा सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा सापडला. त्यात निफाड तालुक्यातला गोदावरी-कादवा संगमाचा भाग आहे आणि तुमचं गाव नांदूरमध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या, म्हणजे बंधाऱ्यामागे अडून पसरलेल्या पाण्याच्या, काठावर आहे. मोबाईलवर फोटो काढून तुम्ही तो गूगल अर्थवर बसवला, तर नदी आजच्या जागेवर न दिसता खाली-उजवीकडे दिसली. काका म्हणतात, "बघा, मी सांगत होतो ना, आपली जमीन नदीनं खाल्ली." आता हा नकाशा घेऊन तहसील कचेरीत जावं का, असं तुम्ही विचारताय. शिवाय काठावरच्या निळ्या गवतासारख्या खुणा आणि ‘५ आर’ असले आकडे म्हणजे काय, हेही.

मी बावीस वर्षं नकाशे आणि मोजणीच्या कामात आहे. त्यातली बरीच वर्षं नद्या, बंधारे आणि पूररेषा यांच्यातच गेली. तेव्हा काकांच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. नदीनं जमीन खाल्ली असेलही. गोदावरी काही साधी बाई नाही. पण तुम्हाला दिसतोय तो सगळा फरक नदीचा नाही. त्यातला काही नकाशाचा आहे, काही कागदाचा, काही तुमच्या मोबाईलचा, आणि बराचसा बंधाऱ्याचा. हे सगळे हिशेब वजा केल्यावर जो उरेल तो नदीचा. मग तो शून्यही निघू शकतो, किंवा तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठाही.

आधी नकाशा कोणता ते पक्कं करू. फोटोत वरच्या कोपऱ्यातला क्रमांक घडीत गेलाय, पण तो ४६ एल/४ असणार. अंदाज नाही, हिशेब आहे. सर्व्हे ऑफ इंडियानं देश चार अंश बाय चार अंशांच्या चौकटींत वाटला. ४६ नंबरची चौकट २० ते २४ उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७६ पूर्व रेखांश अशी आहे. तिचे एकेका अंशाचे सोळा तुकडे, इंग्रजी ए पासून पी पर्यंत, वरून खाली उतरत जाणारे. त्यातला एल म्हणजे २० ते २१ अक्षांश, ७४ ते ७५ रेखांश. त्याचे पुन्हा पंधरा-पंधरा मिनिटांचे सोळा तुकडे. चौथा तुकडा डाव्या रांगेतला सगळ्यात खालचा. निफाड आणि लासलगाव दोन्ही त्यात येतात, संगमही येतो. एकदा ही रीत कळली की कुठल्याही गावाचं पत्रक, म्हणजे नकाशाचा तो कागद, तुम्ही स्वतः काढू शकता.

आता यातली मेख बघा. संगम आणि बंधारा २० अंश अक्षांशाला अगदी खेटून आहेत, म्हणजे तुमच्या पत्रकाच्या तळाच्या काठावर. दक्षिणेकडचा भाग खालच्या पत्रकात जातो. त्याचा नंबर ४७ आय/१. तो हातात नसेल तर तुमच्याकडे अर्धीच गोष्ट आहे. शिवाय ही दोन पत्रकं एकाच वर्षी मोजलेली असतीलच असं नाही. एकात नदी एका हंगामातली, दुसऱ्यात दुसऱ्या. काठावर दोन्ही जुळवताना धार तुटल्यासारखी दिसली तर दचकू नका. दोन पत्रकांच्या सांध्यावर नदी अचानक वळताना मी अनेकदा पाहिलीय. प्रत्यक्षात तिथे जाऊन उभं राहिलं की सरळ वाहत असते.

मग साल. समासात दोन-तीन सालं छापलेली असतील: मोजणी कधी झाली, पत्रक कधी प्रसिद्ध झालं, पुनर्मुद्रण कधी. लोक सगळ्यात मोठ्या अक्षरातलं साल धरतात आणि ते बहुतेक वेळा छपाईचं असतं. तुम्हाला हवंय मोजणीचं. छपाई १९४० ची आणि मोजणी त्याच्या वीस वर्षं आधीची असं सर्रास दिसतं. मध्ये रस्ते, रेल्वे, गावं यांची दुरुस्ती केलेली असते, पण नदीचा काठ जुनाच राहिलेला असतो. समास फाटला असेल तरी वाट आहे. नांदूरमध्यमेश्वरचा दगडी बंधारा विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकातला, वरच्या अंगाला दारणा धरण १९१६ चं, गंगापूर धरण १९६५ चं. नकाशात बंधाऱ्याची खूण आणि तिथून निघणारे गोदावरीचे डावा-उजवा कालवे असतील तर मोजणी किंवा निदान दुरुस्ती त्यानंतरची. नसतील तर तुमच्या हाती बंधाऱ्यापूर्वीची नदी आहे, आणि तसं असेल तर मला खरोखर हेवा वाटेल.

हे साल इतकं का महत्त्वाचं? कारण तुम्ही ज्याला आज पाणथळ म्हणता ती जागा निसर्गानं एकट्यानं केलेली नाही. बंधाऱ्यानं पाणी अडवलं, पाण्याचा वेग मंदावला, गोदावरी-कादवेचा गाळ तिथेच बसत गेला. दशकानुदशकं. त्या गाळाची बेटं झाली, उथळ डबकी झाली, पाणवनस्पती माजल्या, मग पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य जाहीर झालं आणि जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. चापडगावला मनोऱ्यावर उभं राहून जे दिसतं त्यातलं बरंचसं शंभर वर्षांच्या आतलं आहे. म्हणून बंधाऱ्यापूर्वीच्या नकाशात तिथे मधोमध वाळूचं पात्र आणि दोन्ही बाजूंना पिवळी, म्हणजे पिकाखालची जमीन दिसली, तर "नदी सरकली" हा निष्कर्ष चूक होईल. नदी तिथेच आहे, पाणी पसरलंय. काकांच्या दृष्टीनं परिणाम एकच, जमीन पाण्याखाली. पण कायद्याच्या आणि कागदाच्या दृष्टीनं या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. त्यावर शेवटी येतो.

आता तुमच्या गूगल अर्थवरच्या फरकाकडे. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, ते सांगतो. कामाला लागून दोनेक वर्षं झाली होती. एका नदीकाठच्या गावाचं काम होतं. जुनं पत्रक स्कॅन केलं, चार कोपरे टाकले, उपग्रह चित्रावर ठेवलं आणि दहा-बारा लोकांसमोर ठासून सांगितलं की नदी शंभर मीटरहून जास्त सरकलीय. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या ओव्हरसियरनं शांतपणे विचारलं, "साहेब, मग रेल्वेचा पूल पण सरकला का?" बघतो तर खरंच, पूल त्याच बाजूला, तेवढाच सरकला होता. देऊळही. सगळं गावच सरकलं होतं. त्या दिवसापासून कुठल्याही नदीबद्दल बोलण्याआधी मी आधी पूल बघतो.

कारण असं. जुने भारतीय नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट या सर्वेक्षकाच्या १८३० च्या पृथ्वीगोलावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या हिशेबावर, बेतलेले आहेत आणि त्यांचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातलं कल्याणपूर. मोबाईल आणि गूगल अर्थ दुसरा, जागतिक गोल वापरतात. त्यामुळे ‘२० अंश ० मिनिटं’ ही एकच संख्या दोन्हीकडे जमिनीवरच्या दोन वेगळ्या जागा दाखवते. नाशिकच्या बाजूला हा फरक साधारण शंभर-सव्वाशे मीटर येतो आणि जुना नकाशा खऱ्या जागेच्या आग्नेयेला बसतो. तुम्ही ‘खाली-उजवीकडे’ म्हणालात ना, तेच हे. तुमच्या नकाशावर ही चूक जेमतेम दोन मिलिमीटर आहे, पण काठावरच्या शेतात शंभर मीटर म्हणजे एक अख्खा गट इकडचा तिकडे.

नकाशा एकोणिसाव्या शतकातला असेल तर आणखी एक भानगड. त्या काळचे रेखांश मद्रासच्या वेधशाळेवर बेतलेले होते आणि पुढे त्यात सुमारे अडीच मिनिटं जास्त धरली गेल्याचं कळलं. काही पत्रकांच्या तळाशी "रेखांशातून २ मिनिटं २७ सेकंद वजा करा" अशा अर्थाची टीप इंग्रजीत असते. ती नजरेतून सुटली तर आपल्या अक्षांशावर चार किलोमीटरहून जास्त चूक होते. तुमचा नकाशा रंगीत आहे, तेव्हा ही भीती कमी. पण टीप शोधाच.

बसवायचा कसा, तर आधी मोबाईलचा फोटो विसरा. कागद स्कॅन करणारी जी ॲपं असतात ती पान ‘सरळ’ करण्याच्या नादात भूमिती मोडून टाकतात. बिलासाठी ठीक, नकाशासाठी घातक. नाशिकमध्ये मोठ्या आकाराचे प्लॅन स्कॅन करणारी दुकानं आहेत, तिथे ४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ४०० ठिपके, रंगीत स्कॅन करून घ्या. एक इंच-एक मैल प्रमाणात त्याचा एक ठिपका जमिनीवर चार मीटर पडतो. नकाशात मुळातच त्यापेक्षा बारीक काही नाही, त्यामुळे याहून जास्त डीपीआयनं फाईल फक्त जड होईल. रोलरमधून ओढणाऱ्या यंत्रात तो जुना कापडी नकाशा जाऊ देऊ नका, सपाट काचेचा स्कॅनर नसेल तर भागाभागानं करा. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. सेलोटेपचा पिवळा डाग वीस वर्षांनी नकाशापेक्षा ठळक होतो. घडीवर फाटला असेल तर तसाच राहू द्या, सपाट ठेवा, दोन्ही बाजूंना स्वच्छ पांढरा कागद.

मग क्यूजीआयएस, हे नकाशे बसवण्याचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, आणि यूट्यूबवर त्याचे मराठीतलेही व्हिडिओ सापडतील. फक्त चार कोपऱ्यांवर थांबू नका. पत्रकावर दर पाच मिनिटांनी अक्षांश-रेखांशाच्या रेघा किंवा फुल्या असतात, त्यांचे एकूण सोळा छेदनबिंदू होतात. सोळाही टाका. कापडावर चिकटवलेला कागद सगळीकडे सारखा आक्रसत नाही. डिंक लागल्यावर एका दिशेनं जास्त ओढला जातो, घड्यांपाशी वेगळाच वागतो. सोळा बिंदू टाकले की कुठला कोपरा रुसलाय ते आकड्यांत दिसतं. जांभळ्या रंगाची यार्डांतली लष्करी जाळी छापलेली असेल तर तिला अक्षांश-रेखांश समजू नका, ती चूक फार लोक करतात. बिंदूंचे आकडे टाकताना पद्धत म्हणून जागतिक गोल निवडायचा नाही, कल्याणपूर नावाच्या पर्यायांतला एक निवडायचा. त्यातही कुठलं रूपांतर लागू होतंय ते तपासा, कारण एखाद्या पर्यायात सॉफ्टवेअर गुपचूप शून्य फरक धरतं आणि तुम्ही पुन्हा होतात तिथेच.

बसवून झालं की नदीकडे अजिबात बघायचं नाही. आधी न हलणाऱ्या गोष्टी बघा. तुमच्या पत्रकात मनमाड-नाशिक रेल्वे जाते. तिचं वळण, निफाड स्टेशन, ओढ्यांवरचे पूल, गावातली जुनी देवळं, त्रिकोणाच्या खुणेचे मोजणीस्तंभ, आणि असेल तर बंधाऱ्याची भिंत. निदान आठ-दहा जागा मोजा. त्या सगळ्या वीस-तीस मीटरच्या आत बसल्या तर छान बसला म्हणायचं. याहून चांगला बसणारही नाही. या प्रमाणात कागदावरचा अर्धा मिलिमीटर म्हणजे जमिनीवर सुमारे ३२ मीटर, आणि नदीकाठाची नुसती रेघ ०.३ मिलिमीटरची धरली तरी १९ मीटर रुंद. त्या रेघेच्या आत एखाद्याचं अख्खं घर मावतं. त्यामुळे चाळीस मीटरपर्यंतच्या फरकाबद्दल मी तरी तोंड उघडत नाही. शंभरच्या वर फरक असेल, आणि पूल-देवळं जागच्या जागी असतील, तर मग नदीबद्दल बोलू.

तरीही लगेच नाही. आधी हंगाम बघायचा. मोजणीच्या तुकड्या पावसाळा संपल्यावर बाहेर पडत आणि उन्हाळ्यात परतत. म्हणजे नकाशातली गोदावरी ही हिवाळ्या-उन्हाळ्यातली गोदावरी आहे, गंगापूर धरणाच्या आधीची, पाऊस संपला की आटणारी. पत्रकाच्या खुणांच्या यादीत नदीचे प्रकार वेगळे दिलेले असतात: कोरडी, कोरड्या पात्रात पाण्याची धार असलेली, बेटं-खडक असलेली. तुमच्या फोटोत काळ्या रेघांमधल्या पांढऱ्या पात्रात एक निळी पट्टी आहे. काळी रेघ म्हणजे पात्राचा काठ, निळी म्हणजे त्या दिवसांतलं पाणी. लोक नेमकी निळी पट्टी धरतात आणि आजच्या भरलेल्या फुगवट्याशी तुलना करतात. तुलना करायची ती काठाची काठाशी. ओढ्यांचंही तसंच. निळा ओढा बारमाही, काळा ओढा कोरडा. आज त्यातले किती निळे राहिलेत आणि कालव्याच्या पाझरानं किती नव्यानं निळे झालेत, हे बघायला मजा येते. तुमच्या मूळ प्रश्नाशी त्याचा संबंध नाही, तरी एकदा बघाच.

निळ्या गवताच्या खुणा. यादीत दलदल आणि लव्हाळं अशा दोन वेगळ्या खुणा आहेत, आणि फोटो धूसर असल्यानं तुमच्याकडची कुठली ते मी छातीठोक सांगत नाही. आडव्या निळ्या रेघांवर गवताचा झुपका असेल तर दलदल. मोजणीदार ही खूण उगाच काढत नसे, कारण तिथून पायी किंवा घोड्यावरून जाता येतं का हा त्या नकाशाचा मुख्य उपयोग होता. म्हणून एखाद्या जागी बंधाऱ्यापूर्वीच्या नकाशात दलदल दाखवली असेल तर ती जागा बंधाऱ्याआधीपासून ओली होती असं बऱ्यापैकी खात्रीनं म्हणता येतं. उलटं मात्र खरं नाही. खूण नाही म्हणजे पावसाळ्यात तिथे पाणी साठत नव्हतं असं होत नाही. तो माणूस तिथे जानेवारीत गेला होता.

‘५ आर’ म्हणजे सापेक्ष उंची, पाच फूट, म्हणजे आसपासच्या जमिनीच्या मानानं. नदीकाठच्या दरडीजवळ असेल तर दरड पाच फूट उंच, बांधाजवळ असेल तर बांध. सपाट पाणथळ भागात मला हे बारके आकडे समोच्च रेषांपेक्षा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांपेक्षा, जास्त बोलके वाटतात. या पत्रकांवर समोच्च रेषा पन्नास-पन्नास फुटांवर असतात. तुमचा अख्खा फुगवटा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या जागेत बसतो, त्यातून पाणी कुठवर चढत होतं याचा काहीही अंदाज येत नाही. पण काठानं जाताना दरडीची उंची कुठे वीस फूट, कुठे दहा, कुठे पाच असे आकडे लागत गेले तर पूर आधी कुठून शिवारात शिरायचा ते जवळपास कळतं. नवीन १:५०,००० प्रमाणाच्या पत्रकांत हेच आकडे मीटरमध्ये आहेत, दोन्ही शेजारी ठेवताना गल्लत करू नका. मी केलीय.

मधला काळ भरून काढल्याशिवाय ही तुलना मला पटत नाही. एक टोक शंभर वर्षांपूर्वीचं, दुसरं आजचं, आणि मध्ये १९६९ चा महापूर, गंगापूर धरण, वाळूउपसा, सगळं गडप. आता मध्ये ठेवायला चांगली साधनं आहेत. अमेरिकेच्या कोरोना हेरगिरी उपग्रहांची १९६० ते १९७२ मधली चित्रं १९९५ मध्ये खुली झाली. काळी-पांढरी, पण त्यात शेताचे बांध दिसतात. १९७२ पासून लँडसॅट उपग्रहांची चित्रं आहेत, ती ठोकळ, पण फुगवट्याची कड कळते. सर्व्हे ऑफ इंडियाची खुल्या मालिकेची पत्रकं त्यांच्या पोर्टलवरून मिळतात. ही मालिका २००५ च्या नकाशा धोरणातून आली, तिची नंबरांची रीत वेगळी आहे, त्यामुळे ४६ एल शोधत बसू नका, नकाशावरून निवडा. माझी पद्धत अशी: प्रत्येक काळाचा काठ वेगळ्या रंगात गिरवायचा, त्यावर आजचा, आणि मग गावातल्या सत्तरी ओलांडलेल्या दोघा-तिघांना सोबत घेऊन काठानं चालायचं. "इथे डोह होता", "इथून थडीला उतरायचो" असं ते म्हणतात तेव्हा मोबाईलवर बिंदू नोंदवायचा. खानगाव थडी या गावाच्या नावातच काठ आहे, बघा. नावं रेघांपेक्षा हळू सरकतात. नाशिकमध्ये लोक अजून दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं यावरून पूर मोजतात, तशी तुमच्याही गावात एखादी पायरी किंवा पार नक्की असेल. तीही नोंदवा.

आता काकांची जमीन. स्पष्ट सांगतो, हा नकाशा मालकीचा पुरावा नाही आणि गटाची हद्द ठरवायला तर मुळीच उपयोगाचा नाही. सरकारी अधिकारात तयार झालेल्या नकाशाला पुराव्यात किंमत असते, पण अशा नकाशात सामान्यतः जे दाखवलं जातं त्यापुरती. यात नदी, रस्ता, बंधारा, गावठाण दाखवतात, तुमचा सर्व्हे नंबर दाखवत नाहीत. त्यामुळे "अमुक सालच्या मोजणीत नदीचं पात्र साधारण इथे होतं" एवढं तो बोलू शकतो. त्यापुढचं बोलायला भूमी अभिलेखचे कागद लागतात.

तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा, तुमच्या जुन्या सर्व्हे नंबरचं टिपण (मोजणीची मूळ नोंद) आणि फाळणी (पोटहिश्श्यांची), गट नंबर पडले तेव्हाची एकत्रीकरणाची योजना, आकारबंद (क्षेत्र आणि आकारणीची नोंद), आणि असेल तर कजाप, म्हणजे कमी-जास्त पत्रक, यांच्या नकला मागा. गाव नकाशे साधारण आठ इंचाला एक मैल प्रमाणाचे असतात, तुमच्या नकाशापेक्षा आठपट मोठे. टिपण तर ३३ फुटांच्या शंकूसाखळीनं जागेवर मोजून लिहिलेलं असतं. एक साखळी बाय एक साखळी म्हणजे आपला गुंठा. टिपणात नदीकाठ कुठल्या साखळीवर येतो ते लिहिलेलं असलं तर ते सोनं आहे. माझ्या अनुभवात जुनं टिपण आजही पाच-दहा फुटांत बसतं, बसवणारा माणूस जाणता हवा. सात-बाराचे जुने उतारे आणि फेरफारही काढा. क्षेत्र कधी घटलं आणि घटताना कारण काय लिहिलं, याचं उत्तर तुमच्या नकाशात सापडणार नाही, फेरफारात सापडेल.

कारण वर म्हटलं तसं इथे दोन रस्ते फुटतात. जमीन बंधाऱ्याच्या बुडितासाठी संपादित झाली असेल तर त्याचा निवाडा असेल, कजाप झालं असेल, आणि बहुधा पणजोबांच्या काळात मोबदलाही घेतला गेला असेल. घरात ती आठवण राहत नाही, "नदीनं खाल्ली" एवढंच राहतं. मग उन्हाळ्यात पाणी उतरलं की लोक त्याच जमिनीत गाळपेर करतात आणि दोन पिढ्यांनी ती आपलीच वाटायला लागते. दुसरा रस्ता म्हणजे संपादन झालेलं नाही आणि काठ खरोखर ढासळत गेला. मळईची, म्हणजे नदीनं गाळ टाकून तयार झालेली, आणि पाण्यानं वाहून गेलेली जमीन यांसाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये तरतुदी आहेत. तुमच्या बाबतीत त्या कशा लागू होतात हे महसुलाचं काम करणारा वकीलच सांगेल, मी मोजणारा माणूस आहे. आणि अभयारण्याच्या हद्दीत गट येत असेल तर तिसराच विषय निघतो.

तिथे घर किंवा शेड बांधायचा विचार असेल तर जुना नकाशा बाजूला ठेवा आणि जलसंपदा विभागाची पूररेषा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या पुराची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी तुमच्याकडे कुठवर आलं होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

एक राहिलंच. नकाशावर ‘निर्बंधित’ अशा अर्थाचा इंग्रजी शिक्का आहे का बघा. २०२१ पासून नकाशांचे नियम खूप सैल झालेत, तरी असा शिक्का असेल तर सगळं स्कॅन उचलून सगळीकडे टाकत फिरू नका. पुण्यात सर्व्हे ऑफ इंडियाचं महाराष्ट्र-गोव्यासाठीचं केंद्र आहे, तिथे एकदा विचारून घ्या. ४७ आय/१ ची जुनी प्रत बघायला मिळते का, तेही त्याच खेपेत विचारा.

सध्या एवढंच करा: दिवसाउजेडी नकाशाचा खालचा समास आणि बंधाऱ्याची जागा, असे दोनच फोटो सरळ वरून काढून पाठवा. समासात मोजणीचं साल मिळालं आणि संगमाखाली भिंतीची खूण नसली, तर दक्षिणेचं पत्रक शोधायला मी स्वतः मदत करतो. आणि काकांना तोवर विचारून ठेवा, त्यांच्या आजोबांच्या वेळी गुरं पाण्यावर कुठल्या वाटेनं उतरायची. ती वाट नकाशात तुटक रेघेनं असण्याची बरीच शक्यता आहे.